हरणीचं तोंड कुणीकडं?

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात औषधाच्या कपाटावर बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात गाई-म्हशींच्या पोटातून निघालेलं सामान आहे. खिळे, तारेचे तुकडे, दाभण, छत्रीची काडी, सायकलची एक चावी. हे काही आम्ही हौसेनं जमवलेलं नाही. एकेक निघत गेलं, 'उद्या फेकून देऊ' म्हणत डॉक्टर डब्यात टाकत गेले, आणि तो उद्या काही आला नाही. मध्ये कुणीतरी त्यात एक लोहचुंबक टाकलं. आता सगळ्याचा मिळून एकच गोळा झालाय. चावी काढायला जावं तर चार खिळे आणि दाभण सोबत वर येतं.

आमच्या किश्शांचंही तसंच आहे. दुपारी दोननंतर जनावरं कमी होतात, समोरच्या लिंबाची सावली ओट्यावर येते, घाटाकडून वारा सुटतो आणि कुणीतरी एक गोष्ट काढतं. तिला चिकटून दुसरी येते. मी इथला परिचर, नामदेव. जनावर धरायचं, नळी धरायची, रजिस्टर धरायचं आणि चहा सांगायचा, ही माझी कामं. धारूरच्या डोंगराच्या कडेला इतकी वर्षं हेच करतोय, त्यामुळे डब्यात काय काय आहे ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

*

लोहचुंबकं दवाखान्यात आली ती एका खोक्यातून. बोटाएवढी लांब, गुळगुळीत, दोन्ही टोकं गोल. डॉक्टर साहेब तेव्हा नवीनच बदलून आलेले. त्यांनी मला समोर बसवून समजावलं. गाय चारा चावत बसत नाही, आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते. चाऱ्यात तारेचा तुकडा असला तर तोही गिळते. तो तुकडा जाळीच्या पोटात जाऊन बसतो, आणि त्या पोटाच्या पुढं चार बोटांवर हृदय आहे. तार तिकडं सरकली की जनावर गेलं. म्हणून हे चुंबक घशातून आत सोडायचं. ते त्याच पोटात जन्मभर पडून राहतं आणि आलेलं लोखंड स्वतःला चिकटवून घेतं. बस, एवढाच इलाज.

मला हे फार आवडलं. आत बसून सगळं काटेरी स्वतःकडे घेणारं कुणीतरी असावं, असं माणसालासुद्धा वाटतंच की.

या विचारात मी खोकं उचलून लोखंडी कपाटाजवळ नेलं. खोकं कपाटाला चिकटलं. मी ओढलं, तसा पुठ्ठा फाटला, दोन चुंबकं बाहेर पडली आणि एकमेकांकडे धावली. मधे माझी करंगळी होती.

डॉक्टरांनी बोट बघितलं, बोरिक पावडर लावली आणि रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. म्हणाले, "पहिला पेशंट लिही. जात: देशी. वय: पंचेचाळीस."

*

काळे सर धारूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. रिटायर झाले आणि त्यांच्यासमोरचा वर्गच गेला. काही दिवस ते घरात वर्तमानपत्राला शिकवत होते म्हणे. मग आमच्या दवाखान्यात चुंबकं आल्याची खबर त्यांना लागली आणि दुसऱ्या दिवसापासून ते रोज तीनच्या चहाला येऊ लागले.

एकदा त्यांनी सुई मागवली. चुंबकावर एकाच दिशेनं पन्नास वेळा घासली आणि म्हणाले, पाणी आणा. मी घमेल्यात पाणी आणलं. सरांनी लिंबाच्या पानावर सुई ठेवून पान पाण्यात सोडलं, तर ते सरळ घमेल्याच्या काठाला जाऊन चिकटलं. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला नववीत नापास झाल्याची आठवण झाली. घमेलं लोखंडाचं! मग प्लास्टिकचा टब आला.

ओट्यावर तेव्हा पाच-सहा जण होते. त्यातला रंगाभाऊ सांगायला हवा. त्याची म्हैस कायम बरी असते, तरी तो कायम दवाखान्यात असतो. सरांनी विचारलं, टबात सोडलेली सुई काय करील? सगळे म्हणाले, उत्तरेकडं तोंड करील. सर म्हणाले, ते ठीक, पण मग पुढं? आता उत्तरेची एवढी ओढ आहे म्हटल्यावर ती तिकडं निघणार, हे उघड होतं. उत्तरेच्या काठाला किती वेळात लागते यावर चहाची पैज लागली. रंगाभाऊ म्हणाला, पाच मिनिटं.

पंखा बंद केला. कुणी जोरात श्वास घ्यायचा नाही असं ठरलं. टबाच्या मधोमध पान सोडलं. ते हळूच गोल फिरलं, थोडं पुढं गेलं, थोडं मागं आलं आणि घाटाच्या आडव्या, बरोबर उत्तरेकडं नाक करून थांबलं. आम्ही बघत राहिलो. पाण्यात लिंबाच्या फांद्या दिसत होत्या आणि त्यांच्यावर ती सुई पडून होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेर बांधलेल्या गाईसुद्धा गप्प झाल्यासारख्या वाटल्या. मला तर वाटू लागलं की ही सुई आता काहीतरी बोलेल. पण ती जागची हलली नाही.

सर मग सावकाश म्हणाले, "पृथ्वीची ओढ या टबात सगळीकडं एकसारखी आहे. एका टोकाला जेवढी उत्तरेकडं ओढते, तेवढीच दुसऱ्याला दक्षिणेकडं. त्यामुळं ती सुईला फिरवते, पण हलवत नाही."

मग त्यांनी टबाच्या काठाशी चुंबक नेलं. सुईनं उत्तर सोडली, चुंबकाकडं वळली आणि अशी सुटली की पान मागे राहिलं. सर म्हणाले, आता ओढ एकसारखी नाही. जे टोक जवळ, त्याला जास्त, लांबच्याला कमी. जिथं ओढ कमीजास्त असते तिथंच जाणं-येणं होतं. आधी वळणं, मग निघणं.

कुणीतरी पंखा परत लावला. मग रंगाभाऊ म्हणाला, "सर, हे आमच्या जावयाचं झालं की. तोंड सदा आमच्या गावाकडं, फोनवर म्हनतो येतोच. पाय काय उचलत न्हाई."

सर म्हणाले, "त्याला तुमची ओढ एकसारखी आहे. एखादं टोक जवळ न्या."

पुढच्या आठवड्यात रंगाभाऊनं पुरणपोळीचा बेत कळवला. जावई मुक्कामी आला!

*

त्या दिवशी टबाजवळ मागे एक बाई उभी होती हे आमच्या लक्षातच नव्हतं. ती कौसाबाई. घाटाखाली वस्तीवर राहते. शेळ्या आणि एक पांढरी गाय, हरणी. नवरा गेलेला, मुलगा-सून ऊसतोडीला जातात. बाई फार बोलत नाही, पण तिच्या डोळ्यांतून काही सुटत नाही.

दोन दिवसांनी ती हरणीला घेऊन आली. डॉक्टरांनी विचारलं काय होतंय. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, खात नाही. कौसाबाई म्हणाली, "चढ चढती, पर उतार उतरत न्हाई."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. पोटात तार असली की उतारावर सगळं वजन पुढं येतं, तार टोचते आणि जनावर थांबतं. पुस्तकात हे वाचलेलं, पण मालकाच्या तोंडून इतकं नेमकं कधीच ऐकलं नव्हतं म्हणाले. हरणीची पाठ कमानीसारखी झालेली, पुढच्या पायांची कोपरं बाहेर फेकलेली. चुंबक आजच सोडायला हवं.

कौसाबाई म्हणाली, नको.

आम्हाला कळेना. हरणी तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. हरणीची आई अशीच पाठ कमान करून चार दिवस उभी राहिली होती आणि पाचव्या दिवशी गेली, हे तिनंच मघाशी सांगितलं होतं. सांगताना तिचा हात हरणीच्या मानेवरून खाली आला नव्हता. आणि आता इलाज समोर आहे तर नको?

शेवटी तिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "नामदेवा, तुमच्या त्या सुईनं उत्तरंकडं त्वांड केलं, मी बघितलं. हे पोटात गेल्यावर माझी हरणी उत्तरंला डोकं करून निजंल का न्हाई? उत्तरंला डोकं करून एकदाच निजत्यात, बाबा."

मी हसलो नाही. माझ्या आईनं मला लहानपणी झोपेत उचलून उलटं केलेलं आहे, डोकं उत्तरेला गेलं म्हणून. मी हे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि सरांना फोन केला.

सर स्कूटरवर आले. त्यांनी समजावलं की पृथ्वीची ओढ एक सुई फिरवते, ती पाण्यावर तरंगते म्हणून. एवढी मोठी गाय काही ती फिरवू शकत नाही. कौसाबाई ऐकत होती, पण पटलं नव्हतं. मग सरांनी चुंबक स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकलं, हात पसरले आणि डोळे मिटून उभे राहिले. घाटाचा वारा त्यांच्या पांढऱ्या केसांत शिरत होता. दवाखान्याच्या मधोमध एक म्हातारा मास्तर डोळे मिटून हात पसरून उभा आहे आणि सगळे त्याच्याकडे बघताहेत, हे मला आजही स्वप्नात बघितल्यासारखं वाटतं.

मिनिटभरानं त्यांनी विचारलं, "फिरलो का?"

कौसाबाई म्हणाली, "तुमी मास्तर हायत. तुमाला कोन फिरवनार?"

अखेर तडजोड निघाली. चुंबक सोडायचं. आठ दिवस कौसाबाई रोज पहाटे बघणार की हरणी कुणीकडं डोकं करून झोपली. एकदा जरी उत्तरेला आढळली तर डॉक्टरांनी ते परत काढून द्यायचं. डॉक्टरांनी मान डोलावली. मी त्यांच्याकडे बघितलं, कारण आत गेलेलं ते सहजासहजी निघत नाही हे मला माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

मी हरणीचं तोंड धरलं. चुंबक गेलं. तिनं गिळलं, जीभ नाकावरून फिरवली आणि माझ्या पायावर पाय दिला.

*

ते आठ दिवस दवाखान्याचं दुसरं कामच नव्हतं. रोज सकाळी सातला कौसाबाईचा फोन. "आज मावळतीकडं." मी भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचो. दुसऱ्या दिवशी "उगवतीकडं". मग "घाटाकडं". डॉक्टर अंगावर पाणी घेता घेता ओरडून विचारायचे, आज कुणीकडं? येणारे लोकही आपल्या जनावराचं दुखणं सांगायच्या आधी कॅलेंडर बघायचे.

हरणी खायला लागली होती. पाठ सरळ होत होती. पाचव्या दिवशी ती उतार उतरली.

सहाव्या दिवशी फोन आला. कौसाबाई एकच शब्द बोलली. "उत्तर."

डॉक्टर, सर आणि मी, तिघं एका मोटारसायकलवर घाट उतरलो. कौसाबाई दारात बसलेली, पदराचं टोक तोंडात. हरणी खरंच उत्तरेकडं डोकं करून बसलेली, डोळे अर्धवट मिटून रवंथ करत. सर तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. मग त्यांनी विचारलं, काल इथं काय बदललं?

काहीच नाही, कौसाबाई म्हणाली. फक्त शेळ्या कडब्यात तोंड घालतात म्हणून कडब्याची पेंढी त्या कुडाला टेकवून ठेवली होती.

कूड उत्तरेला होता.

सरांनी पेंढी उचलून दक्षिणेला नेऊन टाकली. हरणीनं डोळे उघडले, आधी मान वळवली, मग उठली, अंग झटकलं, चार पावलं चालून गेली आणि दक्षिणेकडं तोंड करून बसली. सर तिच्याकडे बघत म्हणाले, "चुंबकानं नाही, बाई. कडब्यानं फिरवलं."

कौसाबाई हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. तिनं आम्हाला बिनसाखरेचा, गुळाचा चहा दिला आणि सरांना म्हणाली, तुमच्या ओढीपेक्षा कडब्याची ओढ जबर आहे. सरांनी हे लगेच मान्य केलं.

*

चुंबक एकदा सोडल्यावर ते आत आहे की नाही हे कसं कळायचं? त्यासाठी सरांनी आपलं जुनं होकायंत्र दवाखान्याला दिलं. पितळी डबी, वर काच. गाईच्या डाव्या कोपराच्या मागं धरायचं. आत चुंबक नसेल तर सुई आपली उत्तरेला. असेल तर उत्तर सोडून गाईच्या फासळ्यांकडं वळते. मला हे काम इतकं आवडायचं की कारण नसताना मी येईल त्या गाईला होकायंत्र लावायचो.

रंगाभाऊनं म्हशीसाठी एक चुंबक मागून नेलं होतं. घरीच घालतो म्हणाला, म्हैस माझं ऐकते. महिन्यानं तो म्हैस घेऊन आला. मी होकायंत्र लावलं, सुई उत्तरेला. म्हणजे चुंबक आत नाही. डॉक्टरांनी विचारलं, घातलं होतं ना? रंगाभाऊ म्हणाला, देवाशपथ.

तो शपथ घ्यायला जवळ आला तशी सुई गर्रकन फिरली. म्हशीकडं नाही, रंगाभाऊकडं!

मी होकायंत्र वर नेलं, खाली आणलं. सुई त्याच्या डाव्या गुडघ्याकडं बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, धोतर वर कर. गुडघ्याला फडक्यात चुंबक बांधलेलं होतं. महिनाभर.

रंगाभाऊ म्हणाला, "डाक्तर, म्हशीचं प्वाट दुखत न्हवतं. माझा गुडघा दुखत व्हता. मंग जिथं गरज हाय तिथं लावलं."

फरक पडला का, असं डॉक्टरांनी विचारलं. रंगाभाऊ म्हणाला, गुडघ्याला नाही, पण चालताना घरातले चमचे लई सापडले.

*

आता शेवटचा. हा ओट्यावर निघाला की चहा थंड होतो.

दिवाळीनंतर कौसाबाईचा मुलगा-सून टोळीबरोबर कडा गावाच्या बाजूला ऊसतोडीला निघाले. या वर्षी सुनेला दिवस गेलेले, म्हणून कौसाबाईही सोबत निघाली. शेळ्या शेजारी ठेवल्या. हरणीला मात्र मागं ठेवायला बाई तयार नाही. गाभण होती, पहिलंच वेत. हरणी बैलगाडीच्या मागं बांधलेली, धारूरहून कड्याला चालत गेली. जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला.

महिन्याभरानं कौसाबाईचा फोन आला. टोळीच्या कोप्यांजवळून, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांजवळून, हरणी दावं तोडून गेली होती. मिळेना. मी काहीतरी बोललो, सापडेल वगैरे. तिनं फोन ठेवला नाही. पलीकडून उसाच्या पाचटावरून कुणीतरी चालल्याचा आवाज येत राहिला.

पुढं दोन महिने काही नाही. मग एके दिवशी भर दुपारी फोन. मुलाला हरणी दिसली होती. चार मैलांवर एका शेतकऱ्याच्या गोठ्यात. विष्णू तात्या नाव. हरणीचं पोट खाली उतरलेलं, आज-उद्या विणार. पण तात्या देत नाही. कानातला बिल्ला तुटून पडलेला, अंगावर एक डाग नाही, आणि तात्याच्या गोठ्यात तसल्याच पाच पांढऱ्या गाई. तिथं व्याली तर गायही गेली आणि वासरूही. कौसाबाई म्हणाली, "नामदेवा, माझ्याजवळ कागद न्हाई. पर तिच्या पोटात हाय."

अर्ध्या तासात सरांची जुनी गाडी दवाखान्यासमोर उभी. डॉक्टरांनी रजिस्टर घेतलं, मी होकायंत्र. ते मी सगळ्या रस्त्यात दोन्ही हातांत धरून बसलो होतो. गाडी वळली की सुई वळल्यासारखी वाटायची, पण सर म्हणाले, नीट बघ, सुई आहे तिथंच आहे, आपण वळतोय. केज गेलं, मांजरसुंबा गेलं, उन्हं कलायला लागली. उसाच्या गाड्या समोरून डुलत येत होत्या. मला राहून राहून वाटत होतं, चुंबक शेणावाटे पडलं असेल तर? असं होत नाही हे मला माहीत होतं, तरी वाटत होतं.

तात्या काही वाईट माणूस नव्हता. साठीचा, उभट, धोतराचा सोगा खांद्यावर. त्यानं आम्हाला पाणी दिलं, बाजेवर बसवलं. म्हणाला, "गाय रस्त्यावर सापडली, मी बांधली. मालकाची हाय, मालकाला देनार. पर आतापवतर तीन खरे मालक येऊन गेले. तिघांनी बी हिच्याकडंच बोट दावलं, आन् एक तर रडला बी."

कौसाबाई रडली नाही. गोठ्याच्या दाराशी उभी राहून हरणीकडं बघत होती. हरणीही बघत होती. पण तेवढा पुरावा तात्याला पुरणार नव्हता, आणि मला त्याचं म्हणणं खोटंही वाटेना.

मी होकायंत्र काढलं आणि पहिल्याच गाईला लावलं. सुई फिरली! मी ओरडणार, तेवढ्यात ती परत दुसरीकडं फिरली, मग तिसरीकडं. तात्या हसला. सरांनी वर बघितलं. पत्र्याचं छप्पर, लोखंडी अँगल, शेजारी पाण्याची मोटर. म्हणाले, "इथं ओढाताण फार आहे. जनावरं मोकळ्या रानात न्या."

रिकाम्या रानात, तोडलेल्या उसाच्या फडात, पाच पांढऱ्या गाई ओळीनं उभ्या केल्या. लोखंडाची एकही वस्तू जवळ नको म्हणून सरांनी तात्याच्या हातातला विळासुद्धा बांधावर ठेवायला लावला. ऊन तांबूस झालं होतं. लांब कारखान्याचा धूर सरळ वर जात होता. मी होकायंत्र तळहातावर धरलं आणि सुई शांत झाली. उत्तर.

पहिली गाय. उत्तर. दुसरी. उत्तर. तिसरी गाय मी मुद्दाम दोनदा बघितली. उत्तर.

चौथी हरणी होती. सरांनी खालून माझं मनगट धरलं. तिच्या कोपराच्या मागं होकायंत्र नेलं. सुई क्षणभर थांबली, आणि मग सावकाश, झोपेतून कूस बदलावी तशी वळून तिच्या फासळ्यांकडं लागली.

तात्यानं ते माझ्या हातातून घेतलं. स्वतः लावून बघितलं. लांब नेलं, उत्तर. जवळ आणलं, हरणी. असं तीन वेळा केलं. पाचव्या गाईलाही लावलं, तिथं काही नाही. डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं, पण त्यानं ते बघितलं नाही. दाव्याची गाठ सोडली आणि दावं कौसाबाईच्या हातात दिलं. ती आता रडली, हरणीच्या मानेत तोंड घालून, आवाज न करता. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, आणि ते लपवायला मी होकायंत्राची काच पुसत बसलो.

निघताना तात्या सरांजवळ आला. काहीतरी घोळत होतं त्याच्या मनात. त्यानं विचारलं, "सर, ही सुई उत्तरंकडं त्वांड करती. मंग पोटात चुंबक असलेलं जनावर बी उत्तरंकडंच त्वांड करनार ना?"

सर म्हणाले, नाही, तात्या. गाय मोठी, ओढ लहान. चुंबक गाईला फिरवत नाही.

"न्हाई, मी इचारतो कावून की," तात्या म्हणाला, "दोन महिने झाले, ही रोज दिवस मावळताना वैरन सोडून त्या अंगाला त्वांड करून हुबी ऱ्हायची. दाव्याला वढ द्यायची न्हाई, हंबरायची न्हाई. नुसती हुबी."

त्यानं हात लांब करून दाखवला. सरांनी होकायंत्र उघडलं. सुई तिच्या जागी उत्तरेला पडून होती आणि तात्याचा हात तिला बरोबर आडवा होता. उगवतीकडं. मी तिकडं बघितलं. रान, मग बाभळी, मग काहीच नाही.

डॉक्टरांनी कौसाबाईला विचारलं, तुमच्या कोप्या तिकडं आहेत का?

"न्हाई," ती म्हणाली. "कोप्या ह्या मागल्या अंगाला."

सरांनी डबीचं झाकण लावलं. तात्याचा हात अजून तसाच होता.

"मंग तिकडं काय हाय?" त्यानं विचारलं.

कौसाबाईनं दावं हाताला गुंडाळलं.

"धारूर."